दहा पोर्ट परत गेले, चार राहिले: एका घरातल्या चार्जिंग स्टेशनचं प्रकरण

ताईचा फोन आला तेव्हा तिचा आवाज गड जिंकल्यासारखा होता. "दहा पोर्टांचं चार्जिंग स्टेशन मागवलं रे. शंभर वॅटचं. आता या घरातली चार्जरवरून होणारी भांडणं संपली." पुढच्या रविवारी ठाण्याला तिच्याकडे जेवायला गेलो. भांडणं संपली नव्हती, एक वाढलं होतं. भाऊजींच्या ऑफिसचा लॅपटॉप त्या स्टेशनवर चार्जच होत नव्हता, ताईच्या फोनला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागत होता, आणि भाऊजी दर दोन घासांनी म्हणत होते, "मी आधीच सांगितलं होतं."

मी चाकणला एका कारखान्यात पॉवर सप्लाय तपासायच्या कामावर आहे. त्यामुळे नातेवाइकांकडे गेलो की पानं वाढेपर्यंत कोणाचा ना कोणाचा बोर्ड बघणं ओघानं येतंच. पण इथला घोळ नुसत्या वायरींचा नव्हता. पुढच्या तीन-चार आठवड्यांत जे केलं, जे चुकलं आणि शेवटी जे घेतलं, ते लिहून ठेवतोय.

शंभर वॅट कुठे गेले

स्टेशन उलटं केलं आणि पोटावरची बारीक अक्षरं वाचली. आउटपुट ५ व्होल्ट, एका पोर्टाला जास्तीत जास्त २.४ अँपिअर, सगळे मिळून १२ अँपिअर. पाच गुणिले बारा म्हणजे साठ. खोक्यावर ठळक छापलेले शंभर कुठून आले, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पण साठ की शंभर हा इथे दुय्यम प्रश्न होता. खरी गोम होती त्या ५ व्होल्टमध्ये. भाऊजींच्या लॅपटॉपच्या मूळ अडॅप्टरवर लिहिलंय २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर, म्हणजे ६५ वॅट. भाऊजींना सोसायटीच्या पाण्याच्या भाषेत सांगितलं. टाकी कितीही मोठी असू दे, दाब नसेल तर पाणी सातव्या मजल्यावर चढत नाही. अँपिअर म्हणजे वाहणारं पाणी, व्होल्ट म्हणजे दाब, आणि दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट. या स्टेशनकडे एकच दाब होता.

हल्लीचा टाइप-सी चार्जर असा एकसुरी नसतो. केबल लावली की आधी दोघांची बोलणी होतात. चार्जर सांगतो, माझ्याकडे ५, ९, १५ आणि २० व्होल्ट आहेत, प्रत्येकाला इतके अँपिअर. यंत्र त्यातलं एक मागतं, मग वीज सुरू होते. या बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतीला पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी म्हणतात. त्यातच पीपीएस नावाची पोटपद्धत आहे. तिच्यात फोन २० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी व्होल्टेज वरखाली मागू शकतो. ताईचा सॅमसंग त्यातला. पीपीएस मिळालं तर तो २५ वॅटने चार्ज होतो, नाहीतर हळू घेतो. दहा पोर्टांच्या त्या खोक्याला यातलं काहीच येत नव्हतं.

आणखी एक गोष्ट पाहिली. भारतात अशा अडॅप्टरला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे. बीआयएसचं चिन्ह आणि त्याखाली 'आर'ने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक छापलेला असतो. 'बीआयएस केअर' हे ॲप उघडून तो क्रमांक टाकला की कंपनी आणि वस्तू समोर येते. इथे टाकायला क्रमांकच नव्हता. मग ताईला फार समजवावं लागलं नाही. १,४९९ रुपयांची ती वस्तू मुदतीच्या शेवटच्या दिवशी परत गेली.

कालनिर्णयाचं पान

घरात माणसं पाच. ताई, भाऊजी, ताईच्या सासूबाई (मी त्यांना काकू म्हणतो), अकरावीतली भाची आणि सातवीतला भाचा. चार्ज होणाऱ्या वस्तू मोजायला बसलो तर अकरा निघाल्या. भाऊजींचा लॅपटॉप, त्यांचा वनप्लस, ताईचा सॅमसंग, भाचीला मामेभावाकडून मिळालेला आयफोन १३, भाच्याचा टॅब, काकूंचा साधा फोन, काकूंच्या श्रवणयंत्राची डबी, दोन इअरबड्स, ट्रिमर आणि टॉर्च. डास मारायची रॅकेट बारावी. पण तिच्या पिना थेट भिंतीतच जातात, तिला कुठलंच स्टेशन चालत नाही.

बहुतेक लोक इथेच चुकतात. अकरा वस्तू, म्हणजे निदान आठ-दहा पोर्ट हवेत, असा हिशेब होतो. ताईनेही तोच केला होता. मी तिला म्हटलं, घ्यायची घाई करू नकोस, आधी आठवडाभर लिहून ठेव: कोणी, काय, किती वाजता लावलं आणि कधी काढलं. स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकलेलं असतंच, ती त्याच्यावर दुधाचे खाडे मांडते. त्या चौकटींतच तिने "ल ७.०५", "आ ७.२०" अशी अक्षरं टाकली. चौथ्या दिवशी काकूही मांडू लागल्या. त्यांची नोंद सगळ्यांत अचूक होती, कारण पहाटे पाचला उठून घरभर त्याच फिरतात.

आठवड्याने पान वाचलं आणि माझाही अंदाज चुकल्याचं दिसलं. मला वाटत होतं, गर्दीची वेळ रात्रीची. रात्री खरोखरच सहा-सात वस्तू एकदम लागत होत्या. पण ५,००० एमएएचच्या फोनमध्ये साधारण १९ वॅट-तास वीज मावते. नुसत्या १० वॅटने, वाया जाणारी धरूनही, अडीच-तीन तासांत तो भरतो, आणि झोप असते सात तासांची. रात्री वॅटला किंमत नाही. किंमत आहे ती सकाळी सात ते सव्वाआठला. भाऊजींची मीटिंग साडेआठची, लॅपटॉप रात्री सोफ्यावर संपवून ठेवलेला. भाचीला कॉलेजला निघायचंय, आयफोन १८ टक्क्यांवर. ताई डब्याच्या गडबडीत, फोन रात्री लावायचा राहिलेला. तीन यंत्रं, तिघांनाही घाई. अधूनमधून भाच्याचा टॅब चौथा. आठवडाभरात घाईच्या वेळी चारपेक्षा जास्त वस्तू एकदाही आल्या नव्हत्या.

म्हणजे निवड दहा पोर्टांची नव्हतीच. चार पोर्ट, पण सकाळच्या त्या सव्वा तासात तिघांना पुरेसं देणारे.

त्यातून आणखी दोन वस्तू वजा केल्या. वनप्लसच्या झटपट चार्जिंगची पद्धत त्यांची स्वतःची, कमी व्होल्टेजवर जास्त अँपिअर ढकलणारी. त्यांचाच अडॅप्टर आणि त्यांचीच ती लाल केबल असेल तरच पूर्ण वेग मिळतो. साध्या पीडी चार्जरवर फोन चार्ज होतो, पण सावकाश, आणि किती सावकाश ते मॉडेलवर ठरतं. भाऊजींना अंघोळ होईपर्यंत फोन भरायची सवय. म्हटलं, तुमचा चार्जर तुमच्या उशाशीच राहू द्या. काकूंच्या श्रवणयंत्राची डबीही त्यांच्याच पलंगाजवळ, तिच्याच छोट्या अडॅप्टरवर. एवढ्या महागाच्या नाजूक वस्तूवर प्रयोग कशाला करायचे? शिवाय काकू नऊला झोपतात, त्यांच्या डोळ्यांसमोर कोणाचे दिवे चमकायला नकोत.

सगळं एकाच ठिकाणी आणायचा हट्ट सोडला तिथेच निम्मं काम झालं, असं माझं मत.

वाटणीचा तक्ता

पर्याय तीन होते. भिंतीतल्या स्विचबोर्डातच यूएसबी सॉकेट बसवणं भाऊजींच्या मनात होतं. ते लगेच बाद केलं. लॅपटॉपला पुरेल असं सॉकेट महाग पडतं, आणि उद्या पद्धत बदलली की भिंत उघडा. दुसरा पर्याय भिंतीत खोचायचा ६५ वॅटचा तीन पोर्टांचा. तिसरा टेबलावर ठेवायचा, लांब वायरीचा, १०० वॅटचा चार पोर्टांचा. त्यात तीन टाइप-सी आणि एक जुना चौकोनी टाइप-ए.

दोन्ही गॅलियम नायट्राइडचे, म्हणजे बाजारात ज्यांना 'गॅन' म्हणतात ते. सिलिकॉनपेक्षा हे पदार्थ जास्त वेगाने चालू-बंद होतात, त्यामुळे आतला ट्रान्सफॉर्मर लहान होतो आणि उष्णता कमी वाया जाते. आकार लहान होण्याचं रहस्य एवढंच. गॅन आहे म्हणून फोन लवकर भरत नाही.

६५ वॅटचा पहिल्या नजरेत पुरेसा वाटतो. पण खोक्यावरचा मोठा आकडा एकट्या पोर्टाचा असतो. पुढचं पोर्ट भरलं की वाटणी बदलते, आणि ती वाटणी माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर एका छोट्या तक्त्यात असते. वस्तू घेण्याआधी वाचायचं ते पान हेच. आम्ही पाहत होतो त्या ६५ वॅटच्या चार्जरचा तक्ता असा: एकटा ६५, दोन लावले तर ४५ आणि २०, तिन्ही लावले तर पहिल्याला ४५ आणि उरलेल्या दोघांत मिळून १५. म्हणजे सकाळी लॅपटॉपजवळ ताई आणि भाची दोघी जेमतेम साडेसात-साडेसातवर. पुन्हा भांडण.

१०० वॅटवाल्याचा तक्ता वेगळा होता. पहिल्या दोन पोर्टांना ६५ आणि ३०. तीन लावले तर ४५, ३०, २०. चारही लावले तर ४५, ३०, आणि तिसऱ्या-चौथ्यात मिळून १५. पीपीएस पहिल्या दोन पोर्टांवर. सकाळचं चित्र यात बसत होतं: लॅपटॉपला ४५, ताईच्या सॅमसंगला ३०चं पोर्ट, भाचीच्या आयफोनला २०. तो फोन तेवढाच घेतो.

लॅपटॉपला ६५ लागतात, तर ४५मध्ये भागेल का? ही शंका भाऊजींची, आणि रास्त. काही लॅपटॉप कमी वॅटच्या चार्जरवर कुरकुर करतात, काही घेतच नाहीत. म्हणून माझ्याकडचा ४५ वॅटचा चार्जर आणि केबलच्या मध्ये लावायचा छोटा यूएसबी मीटर घेऊन एका शनिवारी गेलो. लॅपटॉपने "सावकाश चार्ज होत आहे" अशी पाटी दाखवली आणि मुकाट ४३-४४ वॅट घेऊ लागला. त्याची बॅटरी ५० वॅट-तासांची. सातला लावला तर मीटिंगपर्यंत बराचसा भरतो. पाटी दिसते ती दिसू दे.

दोनशे वॅटची, सहा-आठ पोर्टांची स्टेशनंही मिळतात. ताई एकदा तिकडे वळली होती. किंमत जवळपास दुप्पट आणि कालनिर्णयाच्या पानावर त्यांची गरज कुठेच दिसत नव्हती.

चार पोर्टांचं स्टेशन ३,८०० रुपयांना आलं. त्याच्याबरोबर एक केबल, ६०० रुपयांची. केबलवर वेगळा खर्च का, म्हणून भाऊजींनी भुवई उंचावली. कारण सोपं आहे, पण दुकानदार सांगत नाहीत. साधी सी-टू-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच. २० व्होल्टला त्याचे होतात ६०. लॅपटॉपच्या ३.२५ अँपिअरसाठी ५ अँपिअरची केबल लागते. तिच्या टोकात एक चिप असते, तीच चार्जरला सांगते की मला एवढं झेपतं. चिप नसेल तर चार्जर ६० वॅटच्या पुढे जातच नाही. घरात सात केबली होत्या, चिपवाली एकही नाही.

जे आधी लक्षात आलं नाही

पहिल्याच रात्री ट्रिमर चार्ज होईना. टॉर्चही नाही. दोघांना टाइप-सीचं भोक, नवी केबल टाइप-सीची, पण दिवा लागत नाही. भाचा म्हणाला, "मामा, तुमचं स्टेशन पण बिघडलं." बिघडलं नव्हतं. टाइप-सीचं पोर्ट समोर यंत्र आहे अशी खात्री पटेपर्यंत वीज सोडत नाही. ही खात्री यंत्राच्या आतल्या ५.१ किलो-ओहमच्या दोन रेझिस्टरवरून पटते. स्वस्त ट्रिमर, टॉर्च, छोटे स्पीकर बनवणारे काही पैसे वाचवायला ते रेझिस्टर गाळतात. मग अशा वस्तू सी-टू-सीवर कधीच चार्ज होत नाहीत. जुन्या टाइप-ए पोर्टात मात्र ५ व्होल्ट कायम हजर असतात, कोणी विचारो न विचारो. ए-टू-सी केबल लावली आणि दोन्ही दिवे लागले. मी स्वतः दुकानात सगळी पोर्टं टाइप-सीच असलेलं स्टेशन घ्या म्हणणार होतो. ते चौकोनी पोर्ट होतं म्हणून वाचलो.

दुसरी गोष्ट रात्री अडीचची. वाटणी बदलायची म्हणजे चार्जर सगळ्यांशी पुन्हा बोलणी करतो, आणि बहुतेक बहुपोर्टी चार्जरांत त्यासाठी क्षणभर सगळ्यांची वीज तुटते. ताईने पाणी प्यायला उठून आपला फोन काढून घेतला. लगेच भाचीच्या आयफोनने टुंग केलं, टॅबचा पडदा उजळला, हॉलमध्ये झोपलेला भाचा दचकून उठला. चार्जिंगला अपाय काही नाही. फोनमधला चार्जिंगचा आवाज बंद केला, टॅब पालथा ठेवायचं ठरलं. पण ज्या यंत्राची वीज क्षणभरही तुटून चालत नाही ते अशा स्टेशनवर लावायचं नाही, हे मी तेव्हाच सांगून ठेवलं. घरचा वायफाय राउटर स्टेशनच्या टाइप-ए पोर्टावर चालवायचा बेत भाऊजींनी आखला होता. तो रद्द.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि ती स्टेशनमध्ये नव्हतीच. भाच्याच्या टॅबची पाठ ॲल्युमिनियमची. चार्जिंगला लावून तिच्यावरून बोट फिरवलं की मुंग्या येतात, असं तो बरेच दिवस म्हणत होता. कोणी लक्ष दिलं नव्हतं. दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये हे होतं. आतल्या एका कपॅसिटरमधून अगदी सूक्ष्म प्रवाह बाहेरच्या बाजूला येतो. मर्यादेत असतो, अपाय करत नाही, पण जाणवतो. तीन पिनांच्या चार्जरमध्ये हा प्रवाह अर्थिंगमधून जमिनीत जातो. नवं स्टेशन तीन पिनांचं, तिसरी पिन धातूची. (काहींची नुसती प्लॅस्टिकची असते, ती फक्त सॉकेटचं झाकण ढकलायला.) तरीही मुंग्या थांबल्या नाहीत.

मग शंका बोर्डावर. टेस्टरने अर्थिंग कळत नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने होल्डरला दोन वायरी जोडलेला बल्ब काढला. फेज आणि न्यूट्रलला लख्ख लागला. फेज आणि अर्थला लागलाच नाही. पत्रा उघडला तर हिरवी वायर आत गुंडाळून ठेवलेली, स्क्रूला लावलेलीच नाही. इमारत झाली तेव्हापासून हॉलमधल्या त्या सॉकेटला अर्थिंग नव्हतं, आणि एवढी वर्षं टीव्ही, मिक्सर, इस्त्री सगळं त्याच्यावर चाललं होतं. वायर जोडली, चारशे रुपये झाले, मुंग्या गेल्या. त्याच सॉकेटचं आतलं प्लॅस्टिक एका बाजूने तपकिरी पडलं होतं. पूर्वी मल्टिप्लगवर तीन अडॅप्टर लोंबकळायचे, त्यांच्या वजनाने पिना सैल बसून तापायच्या. ते सॉकेटही बदललं. टेबलावरचं लांब वायरीचं स्टेशन मला भिंतीतल्यापेक्षा बरं वाटतं ते याचसाठी. सगळं वजन टेबलावर येतं, सॉकेटवर नाही.

मला वाटतं, या सगळ्या खटाटोपातला सर्वांत मोलाचा खर्च ते चारशे रुपये.

पाच महिन्यांनंतर

स्टेशन टीव्हीच्या कपाटावर, उघड्यावर आहे. ताईला ते खणात लपवायचं होतं, मी नको म्हटलं. १०० वॅटचा चार्जर चांगलाच गरम होतो आणि त्याला हवा लागते. फोन उभे करायच्या खाचा असलेली स्टेशनं मिळतात, त्यांत फोन चार्जरच्या डोक्यावरच बसतात. बॅटरीला उष्णतेचं वावडं, त्यामुळे ती घेतलीच नाहीत. ताईने माळ्यावरचं जुनं स्टीलचं ताटाळं काढलं, हातभर अंतरावर ठेवलं. त्यात आता ताटांऐवजी टॅब, दोन फोन आणि लॅपटॉप उभे असतात. पाहुणे हसतात, पण बघून गेलेल्या दोघींनी आपापल्या घरी तेच केलंय.

पहिल्या पोर्टावर ताईने नेलपेंटचा लाल ठिपका दिलाय. ते सकाळी सात ते साडेआठ भाऊजींच्या लॅपटॉपचं, इतर वेळी कोणाचंही. दुसरं सॅमसंगचं. हा नियम भाचा सोडून सगळे पाळतात.

भाऊजींनी विजेच्या बिलाचं विचारलं होतं. एक फोन पूर्ण भरायला भिंतीतून साधारण २५ वॅट-तास धरले तर एका युनिटमध्ये चाळीस वेळा भरतो. त्या बाजूने कोणतंही स्टेशन घ्या, बिलात दिसणार नाही.

भाचीचा पुढचा फोन टाइप-सीचा असेल, कारण सप्टेंबर २०२३मध्ये आलेल्या आयफोन १५पासून ॲपलनेही तेच भोक घेतलं. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४पासून फोनला ते सक्तीचं केलंय. म्हणजे तिची वेगळी केबलही जाईल. भाऊजींचा लाल केबलचा चार्जर मात्र उशाशीच आहे, आणि जुन्या नऊ अडॅप्टरांची पिशवी माळ्यावर. इलेक्ट्रॉनिक कचऱ्यात देऊ या म्हटलं की ते म्हणतात, "राहू दे, लागेल कधीतरी."

डासांची रॅकेट अजून स्वयंपाकघरातल्या बोर्डावरच लटकते. परवा काकूंनी विचारलं, "हिच्यासाठी काही मिळत नाही का रे?"